चालू आहे, मग सर्व्हिसिंग कशाला?



या वेळचा पाठ देखभालीच्या खर्चाचा आहे. उदाहरण जरा लांबचं, म्हणजे चक्क समुद्राखालचं आहे. पण ते आपल्या धाटावच्याच एका गटाच्या बैठकीत आलं, म्हणून तेच घेते.

ऑगस्टची बैठक होती. गटातल्या एका ताईंचं माहेर मालवणकडचं. रोह्याला कोकण रेल्वेत बसायचं आणि कुडाळला उतरायचं. त्यांचा भाऊ तिकडे पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ दाखवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीला हा व्यवसाय चालतो. तारकर्लीला तर एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. पावसाळ्यात हे काम बंद असतं. सीझन सुरू व्हायच्या आत भावाला सहा रेग्युलेटरची सर्व्हिसिंग करून घ्यायची होती. त्याच्या सेटला प्रत्येकी ७,००० रुपये, म्हणजे एकूण ४२,००० रुपये. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं.

पहिलाच प्रश्न आला, "बंद पडलेत का?"

"नाय, चालू आहेत."

"मग कशाला उगाच खर्च? बंद पडले की बघू."

खरं सांगते, मीसुद्धा माझ्या वहीत 'अनुत्पादक खर्च' असं लिहून मोकळी झाले होते. माझं चुकलं होतं. कसं, ते पाहू.

रेग्युलेटर काय करतो?

आपल्या गॅस सिलिंडरवरही रेग्युलेटर असतो. आतला दाब उतरवून तो शेगडीला लागेल तेवढाच गॅस सोडतो. डायव्हरचा रेग्युलेटर त्याचाच भाऊबंद. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तो तयार केला. महायुद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. गान्यां यांनी त्यासाठी केलेला गॅसचा रेग्युलेटर बदलून माणसाच्या श्वासासाठी वापरला.

डायव्हरच्या टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने भरतात. मोटारच्या टायरमध्ये हा दाब दोन-सव्वादोन बार असतो. म्हणजे टाकीत टायरच्या जवळजवळ नव्वद पट दाब! ही हवा थेट तोंडात घेता येत नाही. म्हणून रेग्युलेटरचे दोन टप्पे असतात. टाकीवर बसतो तो पहिला टप्पा. तो दाब नऊ-दहा बारपर्यंत खाली आणतो. दातांत धरतात तो दुसरा टप्पा. श्वास ओढला की तो लागेल तेवढीच हवा देतो.

आत बारीक रबरी रिंगा, झडप, झडप टेकते ती सीट, स्प्रिंग आणि गाळणी असते. खारं पाणी सुकलं की मागे मीठ राहतं. पितळेला हिरवा कळंक चढतो, रबर कडक होतं, सीटवर खाच पडते. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस हवा आपोआप सुटत राहते आणि टाकी भराभर रिकामी होते. नाहीतर श्वास ओढायला जड जातो, किंवा हवेबरोबर पाणी तोंडात येतं.

कुकरची रिंग गेली तर आपली डाळ कच्ची राहते. इथे पाण्याखाली माणूस असतो, तोही बहुतेक वेळा पहिल्यांदाच उतरलेला.

७,००० रुपये कशाचे?

सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं पुसून देणं नाही. त्या खर्चाचे चार भाग आहेत.

१. सुट्या भागांचा किट: रिंगा, सीट, गाळणी. हे चांगले दिसले तरी बदलतात. किट त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा लागतो.
२. कारागिराची मजुरी: रेग्युलेटर पूर्ण उघडायचा, मीठ आणि कळंक काढायचा, पुन्हा जोडायचा. त्याचं शिक्षण घेतलेला माणूसच हे करतो.
३. तपासणी: जोडल्यावर मीटर लावून दाब बरोबर येतो का ते पाहणं.
४. पाठवण्या-आणण्याचा खर्च.

दर कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. म्हणून सगळ्यांना ७,००० लागतात असं समजू नका. पावती मात्र या चार भागांची मागायची.

एक देखभाल फुकट आहे, तीही रोजची. वापरून झालं की रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवायचा आणि सावलीत सुकवायचा. भिजवण्याआधी टाकीकडच्या तोंडाची टोपी कोरडी करून घट्ट लावायची, आणि पाण्यात असताना समोरचं बटण दाबायचं नाही. नाहीतर पाणी आत शिरतं.

बैठकीत काय झालं?

एका ताईंचे मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत. त्या म्हणाल्या, "आमच्या यांच्या कंपनीत वायुगळतीसाठी श्वासाचा सेट ठेवलेला असतो. वापरला नाय तरी तपासतात. लागेल तेव्हा चालू नसला तर मग काय?"

सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही हिशोबाला बसलो.

भावाला फोन लावला. बऱ्याच कंपन्या सांगतात की वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्ह झाल्या की सर्व्हिसिंग करा, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे ७,००० भागिले १००. एका डाइव्हमागे ७० रुपये. सीझनमध्ये एका सेटच्या २०० डाइव्ह झाल्या तर सर्व्हिसिंग दोनदा लागणार. खर्च वर्षावर नाही, वापरावर मोजायचा, हे तिथे कळलं. हे ७० रुपये नफा नाहीतच. ते रोज खर्च होतात, फक्त बिल उशिरा येतं.

गटाकडे त्या महिन्यात ४२,००० नव्हते. ठराव झाला तो असा: तीन सेटसाठी २१,००० द्यायचे. उरलेले तीन सेट सर्व्हिसिंग होईपर्यंत कपाटात, पाण्यात न्यायचे नाहीत. पावती गटाला दाखवायची. आणि प्रत्येक डाइव्हमागे ७० रुपये वेगळे ठेवायचे.

शेकडा दोन रुपये व्याजाने, दहा समान मुद्दल हप्त्यांत, २१,००० वर एकूण व्याज होतं २,३१०. आधीच ७०-७० बाजूला पडले असते तर हे व्याज वाचलं असतं. भावाला तीन सेटवर सीझन सुरू करावा लागला, गिऱ्हाईक थोडं कमी घ्यावं लागलं. ताईंना वाईट वाटलं. पण ठराव बदलला नाही.

आपल्या गटात कसं करायचं?

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या ताया कांदळवन सफारी चालवतात. होडी असो की आपलं मिरची कांडप यंत्र, झिजणारी वस्तू सगळ्यांकडे आहे. समजा कांडप यंत्राचा पट्टा आणि बेअरिंग मिळून ३,००० रुपये लागतात आणि ते १,५०० किलोला बदलावे लागतात. मग किलोमागे २ रुपये देखभालीचे. ते दळणाच्या दरातच धरा, वेगळ्या डब्यात टाका आणि कॅशबुकात 'देखभाल निधी' म्हणून लिहा. डब्याला वाटणीत हात लावायचा नाही.

आणि आज घरी गेल्यावर दोन गोष्टी बघा. गॅसच्या रबरी नळीवरचं साल, कारण ती पाच वर्षांनी बदलायची असते. आणि सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका, परत द्या.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाकडे किंवा घरी झिजणारी यंत्रं कोणती?
२. प्रत्येकाची शेवटची दुरुस्ती कधी झाली, किती खर्च आला? पावती आहे का?
३. किलोमागे, तासामागे किंवा नगामागे किती रुपये बाजूला ठेवायला हवेत?
४. 'चालू आहे' म्हणून आपण कोणता खर्च पुढे ढकलतोय?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. मी बैठकीला आले की आधी तेच पान बघणार आहे. माझ्या वहीतला 'अनुत्पादक' हा शब्द मी खोडलाय, तोही तुम्हाला दाखवीन.

तुमची क्षेत्र समन्वयक