संस्थेचे संकेतस्थळ आणि माहितीसाठा : तंत्र निवडताना

सभासदांची नोंदवही, वाचनालयाचे रजिस्टर, शिष्यवृत्तीसाठी आलेले अर्ज, सर्व काही संकेतस्थळावर आणावे, अशी मागणी आपल्या मंडळांतून होत असते. मागणी रास्त आहे. परंतु चर्चेला तोंड फुटते ते बहुधा 'पीएचपीत करायचे की पायथनमध्ये' या प्रश्नाने. आमच्या मते हा प्रश्न नंतरचा होय. नोंदी कोणत्या, त्यांचा एकमेकींशी संबंध काय आणि त्या कोण पाहणार, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील वारणेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू केला. वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांना संगणक केंद्रांनी जोडावे, शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, शेतीची माहिती आणि इंटरनेट मिळावे, असा मोठा हेतू त्यामागे होता. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग राहिला तो उसाच्या हिशेबापुरता. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील अभ्यासकांनी ७ गावांत ८ महिने निराळा प्रयोग केला. शेतकऱ्याने केंद्रात न जाता मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा. संगणकाला जोडलेला एक फोन तो संदेश घेई, माहितीसाठ्यातून उत्तर काढी आणि परत पाठवी. हे स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचे वाटले. येथे लक्षात घ्यायचे ते असे की, उसाच्या नोंदी त्याच राहिल्या, त्यांच्याकडे जाण्याचे दार तेवढे बदलले. नोंदींची मांडणी पक्की असेल तर दार दहा वर्षांनी पुन्हा बदलता येते.

ही मांडणी म्हणजे काय? वाचनालयात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या तीन प्रती आहेत असे समजू. ग्रंथाचे नाव व लेखक एका तक्त्यात एकदाच लिहावे. तीन प्रतींचे तीन क्रमांक दुसऱ्या तक्त्यात आणि कोणती प्रत कोणत्या सभासदाने कधी नेली, हे तिसऱ्यात. तक्ते क्रमांकांनी एकमेकांस जोडलेले. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली हीच ती संबंधाधिष्ठित पद्धत. सभासदासही क्रमांकच हवा. आपल्याकडे एकेका विहारात कांबळे आडनावाचे किती सभासद असतात हे सांगायला नको, आणि इंग्रजीत तेच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते.

मराठीचा प्रश्न मात्र खोलात जाऊन पाहावा लागतो. जुन्या स्मरणिका श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळवलेल्या असत. त्यांत डोळ्यांना 'माणगाव' दिसते, पण आत संगणकाने वेगळीच चिन्हे साठवलेली असतात. ती फाईल तशीच माहितीसाठ्यात घातली, तर माणगाव परिषद शोधणाऱ्या विद्यार्थ्याला काहीही सापडणार नाही. म्हणून सर्व मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा. युनिकोडमध्येही 'वऱ्हाड' या शब्दातील ऱ्ह दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही एकच, शोधताना मात्र निराळे! नोंद आत घेतानाच त्यांचे एकच रूप करून घ्यावे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ मांडणी लॅटिन असे, त्यामुळे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपासून ती यूटीएफ८एमबी४ झाली. तरीही काम देताना हे लेखी विचारून घेतलेले बरे.

आता निवड. स्मरणिकेतील लेख, कार्यकारिणीची यादी, विहाराचा पत्ता यांना माहितीसाठा लागतच नाही. साधी पाने पुरतात, ती लवकर उघडतात आणि बिघडतही नाहीत. कार्यक्रमांच्या सूचना वरचेवर बदलायच्या असतील तर वर्डप्रेस चालेल, मात्र ते वेळोवेळी अद्ययावत करणारा माणूस हवा. वाचनालयाचे रजिस्टर एकाच संगणकावर ठेवायचे तर एसक्यूलाईट पुरेसे आहे. सगळा साठा एका फाईलमध्ये राहतो. सभासद व अर्ज यांच्यासाठी आम्ही पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी सुचवू. पोस्टग्रेएसक्यूएल नोंदींच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे, हे खरे. पण स्वस्त होस्टिंगवर पहिली जोडी सहज मिळते आणि ती जाणणारी मुले कोल्हापुरातील महाविद्यालयांतही सापडतात. ज्याची दुरुस्ती आपल्या गावात होत नाही असे यंत्र फुकट मिळाले तरी संस्थेने घेऊ नये.

शिष्यवृत्तीच्या अर्जाबाबत आम्हांस सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, मुलीचा पत्ता असतो. हे उघड्यावर पडले तर नुकसान त्या घराचे होते, संस्था फक्त दिलगिरी व्यक्त करू शकते. शोधाच्या चौकटीत कोणी नावाऐवजी एसक्यूएलची आज्ञाच टाकली आणि प्रोग्रामने ती जशीच्या तशी माहितीसाठ्याकडे नेली, तर अख्खी यादी बाहेर येऊ शकते. म्हणून आज्ञा आणि आलेला मजकूर वेगळे ठेवणारी पद्धत वापरली आहे का, हे विचारावेच. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आमचे मत असे की, दाखल्यांच्या प्रती संकेतस्थळावर ठेवूच नयेत. दाखला पाहिला, इतकीच खूण नोंदवावी आणि कागद विद्यार्थ्यास परत द्यावा.

डोमेन व होस्टिंग संस्थेच्या नावे घ्यावे, सांकेतिक शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. दर आठवड्याला साठ्याची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहावे. सुरुवात वाचनालयाच्या रजिस्टरने करावी, कारण त्यात चूक झाली तरी कोणाचे खाजगी काही बाहेर जात नाही. आषाढ पौर्णिमेपूर्वी ग्रंथांच्या नोंदी पूर्ण झाल्या, तर वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचनामुळे देवघेव वाढते, तेव्हा मांडणीतल्या उणिवा आपोआप दिसून येतील.