वृद्धांचे अव्यक्त दुखणे

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर असून लोकलने ते कापण्यास जवळजवळ दीड तास लागतो. उपनगरी गाड्यांत शौचालय नसते. तरुण प्रवाशाला त्याचे काही वाटत नाही. परंतु वसई तालुक्यातील एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाने मुंबईस जाणे का सोडले, एखाद्या आजीबाईंनी रविवारच्या मिस्सेला किंवा जीवदानीच्या दर्शनाला जाणे का थांबविले, याचे कारण पुष्कळदा याच गोष्टीत दडलेले असते. लघवीवरील ताबा सुटतो, वस्त्रे ओली होतात आणि ते कोणास कळू नये म्हणून माणूस घराबाहेर पडेनासा होतो. घरातील मंडळी समजतात, "वय झाले."

वय हे एकमेव कारण नव्हे

वाढत्या वयात मूत्राशयाची लघवी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, हे खरे. तथापि ताबा सुटणे हे वार्धक्याचे अटळ लक्षण नसून ते उपचार करण्याजोगे दुखणे आहे. त्याचे मुख्य प्रकार चार आहेत. खोकताना, शिंकताना वा ओझे उचलताना थोडी लघवी होणे, हा पहिला प्रकार. बाळंतपणांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांत तो विशेष आढळतो. अकस्मात तीव्र भावना होऊन शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होणे, हा दुसरा. मूत्राशय पूर्ण रिकामे न होता थेंबथेंब गळत राहणे, हा तिसरा. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने असे घडू शकते. चौथ्या प्रकारात मूत्राशय ठीक असते. पण गुडघे दुखतात, दृष्टी मंद असते, शौचालय लांब असते आणि पोहोचण्यास उशीर होतो.

याखेरीज मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अनियंत्रित मधुमेह आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढविणारी काही औषधे यांमुळेही तक्रार उद्भवते. असे मूळ कारण दूर झाल्यास तक्रार पुष्कळदा ओसरते. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये.

लपविण्याची किंमत

दुखणे लपविण्यासाठी अनेक वृद्ध पाणी पिणेच कमी करतात. हा उपाय उलटतो. लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह होतो, बद्धकोष्ठ वाढते आणि जंतुसंसर्गास वाव मिळतो. रात्री अंधारात घाईने उठताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यास चालते-फिरते माणूस अंथरुणास खिळते. ओलसरपणामुळे त्वचेस जखमा होतात. रोजच्या धुण्याने सून वा मुलगी थकते. आणि ज्याच्यामुळे ती थकते, तो मनातून खचतो.

उपचार कोणते?

प्रथम तीन दिवसांची नोंद ठेवावी. किती वेळा लघवी झाली, केव्हा गळली, काय व किती प्यायले, हे लिहून डॉक्टरांकडे न्यावे. लिहिता न येणाऱ्यांसाठी नातवंडांनी हे काम करावे. लघवीची व रक्तातील साखरेची साधी तपासणी बहुधा पहिली पायरी असते.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच काही क्षण आवळून सैल सोडावयाचे असतात. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा आणि किमान तीन महिने हा क्रम ठेवावा. त्यास खर्च नाही. तो बसल्या जागी करता येतो. वारंवार घाई होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेळांतील अंतर थोडेथोडे वाढवावे. चहा-कॉफी कमी केल्यानेही काहींना आराम पडतो. एवढ्याने भागले नाही, तर औषधे व शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत.

लघवीत रक्त आढळल्यास, ताप व कंबरदुखी असल्यास, लघवी पूर्ण अडल्यास किंवा पायांत अकस्मात बधिरपणा आल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

गावाचा वाटा

वसई-विरारमध्ये उंच इमारतींशेजारी चाळी आहेत, पश्चिमेस वाड्यांतील जुनी घरे आहेत, तर तालुक्याच्या पूर्वेस आदिवासी पाडे आहेत. जेथे शौचालय परसाच्या टोकाला किंवा सामाईक आहे, तेथे चौथ्या प्रकारच्या तक्रारीवर औषध चालत नाही. तेथे अंतरच कमी करावे लागते. वाटेवर दिवा, भिंतीला धरण्यास दांडा, खाटेजवळ भांडे वा कमोड खुर्ची, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. या साधनांत कमोड खुर्चीचाही समावेश आहे.

पंचायत सदस्यांनी सभागृह, बाजार व बसथांब्याजवळ स्वच्छ आणि पायरी नसलेले शौचालय असावे, असा आग्रह धरावा. शिक्षकांनी आरोग्याच्या पाठात हा विषय संकोच न करता घ्यावा. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत वृद्ध व्यक्तीस एकांतात, आदराने एकच प्रश्न विचारावा: "लघवीचा काही त्रास होतो का?" अनेक वर्षे कोणी न विचारल्यामुळेच हे दुखणे सांगितले गेलेले नाही. विचारणारा भेटला, तर आजोबा मुंबईस जातील आणि आजीबाई पुन्हा देवदर्शनाला निघतील.