मांजराचं इन्शुलिन आणि सिरिंजवरच्या रेघा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, समप्रमाण शिकवताना आपण वर्षानुवर्षं तेच आंबे, तेच मजूर आणि तोच गळका हौद घेतो. आज जरा वेगळं उदाहरण घेऊ या : मधुमेह झालेलं मांजर. ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांनी मात्र हे नुसतं गणित म्हणून वाचू नये.

मांजराला मधुमेह होतो म्हटलं की वर्गात हशा पिकतो. पण होतो, आणि बराचसा माणसाच्या टाइप 2 सारखाच. वय झालेलं, वजन वाढलेलं, दिवसभर घरात लोळणारं मांजर. त्यातही नसबंदी केलेले बोके जास्त. लक्षणं मुलंच आधी टिपतात. वाटीतलं पाणी लवकर संपतं, मातीचा ट्रे सारखा ओला होतो, खाणं भरपूर तरी अंग वाळत जातं. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात. तपासणीनंतर डॉक्टर बहुतेक वेळा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं इन्शुलिन सुरू करतात. सुई टोचण्याचीच सगळ्यांना भीती वाटते, पण ते सोपं असतं हो! सैल कातडी चिमटीत धरायची, बारीक सुई, मांजर खाण्यात गुंग. अवघड काम त्याआधीचं आहे, मोजण्याचं.

युनिट म्हणजे मिलिलिटर नव्हे, हे मुलांना आधी पटवून द्या. युनिट हे इन्शुलिनच्या परिणामाचं माप आहे. 1920 च्या दशकात ते सशाच्या रक्तातली साखर किती उतरते त्यावरून ठरवलं होतं. एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत ते बाटलीनुसार बदलतं. आपल्याकडे माणसांच्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या 40 युनिटच्या असतात. प्राण्यांसाठी मिळणारं कॅनइन्शुलिनही 40 चंच. पण मांजरांना ज्याचा चांगला उपयोग होतो ते ग्लार्जिन सहसा 100 युनिटचं. सिरिंजही दोन : 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी!

आता फळ्यावर मांडा. 40 च्या सिरिंजवर 1 युनिटची रेघ म्हणजे 0.025 मिलिलिटर. त्याच रेघेपर्यंत 100 चं इन्शुलिन भरलं तर किती युनिट गेलं? 0.025 गुणिले 100, म्हणजे अडीच. उलट चूक झाली, 40 चं इन्शुलिन 100 च्या सिरिंजमध्ये, तर 1 ऐवजी 0.4 युनिट जातं. मुलांना विचारा, यातली कोणती चूक जास्त वाईट? बरीच मुलं म्हणतात, दोन्ही सारख्याच.

तसं नाही. साखर एखादा दिवस जास्त राहिली तर मांजर पाणी पितं, मुततं, आणि सहसा दुसऱ्या दिवशी घडी पुन्हा बसवता येते. साखर एकदम उतरली तर काही तासांतच जीव जाऊ शकतो. माणूस "मला गरगरतंय" म्हणतो, मांजर सांगत नाही. ते झोकांड्या खातं, लटपटतं, निपचित पडतं, कधी झटके येतात. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्यायचं. खात नसेल तर थोडा मध किंवा साखरेचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळायचं (तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल) आणि डॉक्टरांना फोन करून निघायचं. म्हणूनच दोन नियम घरात सगळ्यांना पाठ हवेत. सुई नीट लागली की नाही अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. आणि मांजर जेवलं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही.

आता आलेखाकडे वळू. दवाखान्यात घाबरून मांजराची साखर 300 च्याही वर जाऊ शकते, मधुमेह नसतानासुद्धा! त्यामुळे एका आकड्यावर विसंबत नाहीत. घरी कानाच्या कडेचा थेंब घेऊन दर दोन तासांनी बारा तास मोजतात. समजा आकडे असे आले : 320, 250, 170, 110, 140, 220, 300. मुलं पटकन म्हणतील, 320 आहे, डोस वाढवा. त्यांना सर्वांत खालचा बिंदू शोधायला लावा. 110! डोस वाढवला तर खाली घसरणार तो हाच बिंदू. डॉक्टर आधी तिथेच बघतात. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचं रक्त बहुधा प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी दाखवतो, त्यामुळे रोज एकच यंत्र वापरणं बरं.

खाण्याबद्दल थोडंसं. मांजर मुळात मांसाहारी, आणि आपण त्याला दूध-पोळी, दूधभात घालतो. पिष्ट कमी केलं की साखर उतरते. काही मांजरांचं इन्शुलिन तर पूर्ण सुटतं. पण आहार बदलला आणि डोस तोच ठेवला तर पुन्हा अडीचपटीसारखीच गत. तेव्हा बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू.

वर्गात दाखवायला दोन्ही सिरिंज न्या, सुया काढून. वापरलेल्या सुया मात्र जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून दवाखान्यात द्याव्यात, कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत.