शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

पुण्यातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्थांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी परदेशी विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज करतात. गुणपत्रक व संशोधनाचे निवेदन यांबरोबर बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रे मागितली जातात. ती कोणाची घ्यावीत, याविषयी मात्र आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत.

पद मोठे म्हणजे पत्र वजनदार, हा त्यांतील सर्वांत रूढ समज. त्यापायी विद्यार्थी प्राचार्यांच्या, कधी आमदारांच्याही दारी जातो. गावाकडून आलेला मुलगा सरपंचांचा दाखला जोडू पाहतो. सरपंचांनी तो आनंदाने द्यावा, पण तो चारित्र्याचा दाखला होय, संशोधनाची शिफारस नव्हे. प्रयोग फसल्यावर हा उमेदवार काय करतो, एकाच प्रश्नाशी चार-पाच वर्षे झुंजण्याची चिकाटी त्याच्यात आहे काय, हे निवड समितीला जाणून घ्यावयाचे असते. ज्याने त्याला काम करताना पाहिले, तोच याचे उत्तर देऊ शकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली, ती कोलंबियातील त्यांचे अध्यापक प्रा. सेलिग्मन यांनी. लंडनमधील त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांचे तर चलनविषयक प्रश्नावर त्यांच्याशी मतभेद होते. तरीही १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांनी ते मतभेद नोंदवून विचारांतील ताजेपणाची प्रशंसा केली. निव्वळ स्तुतीपेक्षा असा अभिप्राय अधिक विश्वसनीय ठरतो.

पहिले पत्र प्रबंधिकेच्या वा प्रकल्पाच्या मार्गदर्शकाचे असावे. दुसरे, ज्यांच्या वर्गात विद्यार्थ्याने प्रश्न विचारले, निबंध वाचले, अशा अध्यापकांचे. तिसरे उन्हाळी प्रकल्प किंवा नोकरी जेथे केली तेथील वरिष्ठांचे चालेल. विभागप्रमुखांना विद्यार्थ्याचे नावही आठवत नसेल, तर त्यांच्यापेक्षा नवा सहायक प्राध्यापक बरा.

“तूच लिहून आण, मी सही करतो,” ही प्रथा अनेक महाविद्यालयांत आहे. शिक्षकांवरील कामाचा बोजा खरा; परंतु हा मार्ग अप्रामाणिक आहे आणि विद्यार्थ्याच्या हिताचाही नाही. तिन्ही पत्रांतील भाषा एकाच हाताची असल्याचे अनुभवी वाचकाच्या चटकन ध्यानी येते, आणि मग गुणवान मुलाचा अर्जही संशयास्पद ठरतो. घरात प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचले असेल, तर हे सांगणारेही त्याला कोणी नसते. शिक्षकांनी त्याच्याकडून केलेल्या कामाचे टिपण व प्रबंधिकेची प्रत मागून घ्यावी. पत्र मात्र स्वतः लिहावे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला असे पत्र पाहण्याचा हक्क मिळू शकतो. अर्जात तो हक्क सोडण्याची तरतूद असते व बहुतेक जण तो सोडतात, कारण गोपनीय पत्रावर अधिक भरवसा ठेवला जातो.

तेथील अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा व दिवाळीची सुटी येते. म्हणून सप्टेंबरातच अध्यापकांना भेटावे. त्या वेळी “पत्र द्याल काय?” असे न विचारता “माझ्या कामाविषयी आपणांस सविस्तर लिहिता येईल काय?” असे विचारावे. अध्यापक घुटमळले, तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावे.