धडे हलवता येतील असेच लिहा

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्याकडच्या शिक्षकांनी हाताशी जे होतं त्यावर शिकवायला सुरुवात केली. नोट्स गूगल क्लासरूमवर, व्याख्यानं यूट्यूबवर, चाचण्या गूगल फॉर्मवर, सूचना व्हॉट्सॲपवर. नगरची महाविद्यालयं असोत की सावेडी उपनगरातले शिकवणीवर्ग, त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या घाईत झालेल्या कामाबद्दल मला आदरच आहे. खरी अडचण नंतरची आहे. संस्था मूडल बसवते, क्लासचालक महिन्याच्या भाड्याने ॲप घेतो, एका कंपनीचा करार संपून दुसरीचा सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी शिक्षकाला तोच अभ्यासक्रम नव्याने चढवायला सांगितलं जातं. हे काम जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. अभ्यासक्रम एका एलएमएसवरून, म्हणजे मूडलसारख्या अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीवरून, दुसऱ्यावर नेणं सोपं जाईल की जीव काढेल, हे निघायच्या दिवशी ठरत नाही. धडा लिहायला बसतो त्या दिवशीच ते ठरून गेलेलं असतं.

आपली कंपनी मोठी आहे, ती कुठे जाणार, असं म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांकडे पाहावं. कोर्सेराने 30 जून 2016 रोजी आपलं जुनं व्यासपीठ बंद केलं, आणि जे अभ्यासक्रम तोवर नव्या व्यासपीठावर आणले गेले नव्हते ते विद्यार्थ्यांच्या हातून गेले. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा पाठिंबा काढला. 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरने फायली चालवणंच थांबवलं आणि त्यात बनवलेले असंख्य धडे मुके झाले. गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देत असे. फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीने ती सोय बंद करायचं जाहीर केलं आणि 2022 च्या जुलैपासून सगळ्या संस्थेला मिळून 100 टेराबाइटची मर्यादा आली. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. कंपन्या आपल्या हिशेबाने निर्णय घेतात, तो त्यांचा हक्क आहे. पण भूमितीचा किंवा मराठी व्याकरणाचा चांगला धडा वीस वर्षं उपयोगी पडतो, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तेवढी वर्षं तसंच राहत नाही. ज्याचं आयुष्य मोठं आहे ते कमी आयुष्याच्या वस्तूत कोंडून ठेवायचं का, हा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो: याच कामासाठी तर स्कॉर्म नावाचं मानक आहे, मग अडचण कसली? अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल या 1997 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून हे मानक निघालं, आणि त्याची 1.2 ही आवृत्ती 2001 पासून आजही सर्रास वापरात आहे. स्कॉर्मचा धडा म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात धड्याची पानं आणि कोणतं पान कुठे हे सांगणारी एक एक्सएमएल यादी. मूडलवर चढवा, दुसऱ्या एखाद्या एलएमएसवर चढवा, धडा उघडतो. हे मोठं काम आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण स्कॉर्म नेमकं काय नेतं ते नीट पाहावं. ते तयार धडा बंद स्थितीत नेतं. ज्या साधनात तो बनवला त्याची मूळ फाइल जवळ नसेल, तर नव्या ठिकाणी गेल्यावर त्यातलं एक चुकलेलं वर्ष दुरुस्त करायलाही घाम फुटतो. शिवाय धडा कुठवर आला हे लक्षात ठेवण्यासाठी 1.2 आवृत्तीत 4096 अक्षरचिन्हांचीच जागा हमखास मिळते. लांबलचक धड्यात ती भरली की विद्यार्थी दुसऱ्या दिवशी येऊन चुकीच्या जागी उभा राहतो. आणि स्कॉर्म 2004 मध्ये क्रम लावण्याची जी जास्तीची सोय आहे तिला मूडलचा अधिकृत पाठिंबा नाही, त्यामुळे मानक पाळलेला धडाही तिथे मनाजोगता चालेलच असं नाही. 2008 मध्ये आयएमएस ग्लोबलने, म्हणजे आजच्या वनएडटेकने, कॉमन कार्ट्रिज आणलं. त्यात अभ्यासक्रमाची मांडणी, दुवे, साधे प्रश्न उघड्या रूपात जातात, पण प्रत्येक एलएमएसची खास हत्यारं मागेच राहतात. म्हणून मानकं वापरावीतच, पण ती पाठवणीसाठी. साठवणीसाठी मूळ मजकूर आपल्याजवळ, एलएमएसच्या बाहेर, साध्या फायलींत असला पाहिजे.

मराठीत शिकवणाऱ्यांना तर याच्याही आधीची एक पायरी ओलांडायची असते, आणि परदेशी मार्गदर्शिकांमध्ये तिचा उल्लेख नसतो. आपल्याकडच्या कित्येक नोट्स आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटप्रणालींत टाइप केलेल्या आहेत. डीटीपीवाल्याच्या संगणकावर त्या सुरेख दिसतात. एलएमएसमध्ये चिकटवल्या की रोमन अक्षरांचा काला होतो. मग शिक्षक नाइलाजाने पानाचं चित्र काढून चढवतो. ते चित्र शोधता येत नाही, मोबाइलवर वाढवून वाचता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. देवनागरी युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे, तेव्हा जुना मजकूर एकदा बसून युनिकोडमध्ये आणणं हे स्थलांतरातलं पहिलं काम समजावं. पण युनिकोडमध्ये आल्यावरही डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘सुऱ्या’ या शब्दातला जोड दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो: एका पद्धतीत स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲ’चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. वाचताना याने काही बिघडत नाही. पण एका शब्दात उत्तर लिहायच्या चाचणीत संगणक अक्षराला अक्षर ताडून पाहतो, आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळतं. एकच कळफलक ठरवून सगळ्या शिक्षकांनी तोच वापरला आणि स्वीकारायच्या उत्तरांत दोन्ही रूपं घातली, तर हा अन्याय टळतो. आकडे 1942 लिहायचे की १९४२, हेही असंच आधी ठरवून टाकावं.

कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर मी प्रश्नपेढीकडे बोट दाखवीन. शिक्षकाची सगळ्यात जास्त मेहनत तिथे असते आणि सगळ्यात जास्त नासाडीही तिथेच होते. गूगल फॉर्ममधून विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा तक्ता सहज उतरवता येतो, पण प्रश्न, पर्याय आणि बरोबर उत्तर दुसऱ्या एलएमएसच्या प्रश्नपेढीत थेट घालता येतील अशा रूपात बाहेर काढायचं बटण त्यात नाही. त्याऐवजी प्रश्न मुळातच गिफ्ट नावाच्या साध्या पद्धतीने लिहिले तर नोटपॅड पुरतं. उदाहरणार्थ:

::नगर-किल्ला-1:: ऑगस्ट 1942 मध्ये अटक झाल्यावर जवाहरलाल नेहरूंना कुठे ठेवलं होतं? {=अहमदनगरचा किल्ला ~येरवडा तुरुंग ~आगाखान पॅलेस}

बरोबर उत्तराआधी बरोबरीचं चिन्ह, चुकीच्या पर्यायाआधी नागमोडी रेघ, सुरुवातीला प्रश्नाची ओळख. फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन केली की मूडल ती थेट वाचतं. उद्या मूडल नसलं, तरी हा मजकूर माणसालाही वाचता येतो आणि एखादा होतकरू विद्यार्थी त्याचं हव्या त्या रूपात रूपांतर करून देऊ शकतो. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी समीकरणांची चित्रं टाळून समीकरणं लाटेक या मजकुरी पद्धतीत लिहावीत, कारणही हेच.

ओळखीबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत दीक्षाचे क्यूआर कोड छापलेले असतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या या राष्ट्रीय मंचाने त्यात एक शहाणपण दाखवलं: छापलेला कोड विशिष्ट व्हिडिओच्या पत्त्याला बांधलेला नाही. तो पाठाची एक कायम ओळख आहे, आणि तिच्या मागचं साहित्य बदलता येतं. लाखो प्रती छापून झाल्यावरही धडा सुधारता येतो तो यामुळे. आपल्या अभ्यासक्रमातही प्रत्येक घटकाला असं न बदलणारं नाव द्यावं आणि धड्याच्या मजकुरात थेट यूट्यूबचे किंवा ड्राइव्हचे दुवे विखरून टाकण्याऐवजी सगळे दुवे एका तक्त्यात ठेवावेत. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, संकेतस्थळाच्या पत्त्यातलं ‘युनिपुणे’ मात्र तसंच राहिलं आणि जुने दुवे तुटले नाहीत. आपल्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं आहे. इथल्या संस्थांनी पत्ते बदलण्याआधी हे उदाहरण जरूर पाहावं. व्हिडिओची मूळ फाइलही जवळच ठेवावी, कारण यूट्यूब स्टुडिओतून परत उतरवलेली प्रत बहुधा मूळ दर्जाची नसते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. सगळं साध्या मजकुरात ठेवायचं म्हटलं तर धडा रूक्ष होईल. विद्यार्थ्याला हलतं चित्र, ओढून जुळवायचे पर्याय, मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ हवा असतो. हे खरं आहे. पण परस्परसंवादी धडा आणि कोंडलेला धडा एकच नव्हेत. नॉर्वेत सुरू झालेलं एचफाइव्हपी हे मुक्त साधन मूडलमध्ये चालतं, वर्डप्रेसवर चालतं, आणि त्याची फाइल उतरवून दुसरीकडे उघडली की ती दुरुस्तही करता येते. स्कॉर्ममध्ये जे जमत नाही ते इथे जमतं. ज्या करामती फक्त एकाच ॲपमध्ये होतात त्या वापरूच नयेत असंही मी म्हणणार नाही. त्या सजावटीला असाव्यात, धड्याचा कणा त्यांच्यावर उभा नसावा.

आम्ही मूडलवरच राहणार, बॅकअपची एमबीझेड फाइल पुरे, असंही ऐकू येतं. ती जरूर घ्यावी. पण नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीत उतरेल याची खात्री नसते, आणि बाहेरून जोडलेलं प्लगइन दुसऱ्या सर्व्हरवर नसेल तर तेवढा भाग गळून पडतो. शिवाय त्या फाइलमध्ये विद्यार्थ्यांची नावं, ईमेल आणि गुणही जाऊ शकतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही माहिती पेनड्राइव्हवरून फिरवणं कुणीही हलक्यात घेऊ नये. अभ्यासक्रमाचा बॅकअप वापरकर्त्यांची खूण काढून घ्यावा, आणि गुणांची नोंद संस्थेच्या ताब्यात वेगळी ठेवावी.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाने विचारला तर मला त्याच्याशी वाद घालता येणार नाही. संस्थेनेच हे काम त्याच्या कामाच्या तासांत धरलं पाहिजे, आणि धड्यावर कुणाचा हक्क व तो सोबत नेता येईल का, हे लेखी दिलं पाहिजे. सगळं एकदम करायचीही गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकच प्रकरण घ्यावं. मूडल फुकट आहे, ते स्वतःच्या संगणकावरही बसतं. अशा रिकाम्या मूडलवर ते प्रकरण दुसऱ्याच शिक्षकाच्या हातून, फक्त साठवलेल्या फायलींवरून उभं करून घ्यावं. जिथे जिथे त्याला मूळ शिक्षकाला फोन करावा लागेल ती जागा लिहून ठेवावी, आणि दुरुस्तीला तिथून हात घालावा.