आगगाडी : एक प्रतीक

नवे यंत्र आले की भाषा प्रथम त्याला नाव देते, आणि त्या नावात समाजाचे पहिले आश्चर्य साठून राहते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे २१ मैलांचे अंतर रेल्वेने कापले, तेव्हा ती गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने होती. मराठीने तिला 'आगगाडी' म्हटले; कन्नडमध्ये ती 'उगिबंडी' म्हणजे वाफेची, तर 'होगेबंडी' म्हणजे धुराची गाडी झाली. इंग्रजी नावात रूळ आहेत. आपल्या दोन्ही भाषांनी मात्र बैलाशिवाय गाडी ओढणारी शक्ती पाहिली. वाफेची इंजिने नेहमीच्या वाहतुकीतून गेली, तरी लहान मुलाची गाडी अजून 'झुकझुक'च करते. वस्तू जाते, प्रतिमा उरते. प्रतीकाचा अभ्यास इथूनच सुरू होतो.

'आगगाडी म्हणजे प्रगती' असे समीकरण विद्यार्थी सहज लिहून टाकतात. पण प्रतीकाचा अर्थ पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरतो. तीन जागा घेऊन पाहू.

पहिली जागा रुळांकाठची. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटात अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून गाडी पाहायला धावतात. गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. पुढे दुर्गा मरण पावते, आणि उरलेले कुटुंब गाव सोडते ते बैलगाडीतून. येथे आगगाडी म्हणजे दूरचे जग. दिसणारे, पण हाती न येणारे.

दुसरी जागा डब्यातली. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही गांधीजींना पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर उतरवण्यात आले. गाडी सर्वांना एकाच दिशेने नेते, पण एकाच डब्यात बसू देतेच असे नाही. 'हिंद स्वराज' (१९०९) मध्ये त्यांनी रेल्वेवर कठोर टीका केली. आणि पुढे देश समजून घेतला तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातूनच! एकाच माणसाच्या आयुष्यात हे प्रतीक इतके अर्थ धारण करते.

तिसरी जागा वाट पाहणाऱ्यांची. खुशवंत सिंग यांच्या 'ट्रेन टु पाकिस्तान' (१९५६) या कादंबरीतील मनो माजरा गावाचा दिनक्रम गाड्यांच्या वेळांवर चालतो. १९४७ मध्ये प्रेतांनी भरलेली गाडी येते आणि ते घड्याळच मोडते. ऋत्विक घटक यांच्या 'कोमल गांधार' (१९६१) मध्ये पद्मेच्या काठी रूळ अचानक संपतात. पलीकडे तोडलेला देश असतो. जोडणारी वस्तूच तुटल्याची खूण बनते.

आगगाडीला एवढे अर्थ का चिकटावेत? तिची वाट ठरलेली असते, म्हणून ती नियती वाटते. तिची वेळ ठरलेली असते, म्हणून ती काळ वाटते. ती अनोळखी माणसांना शेजारी बसवते, म्हणून समाज वाटते. आणि कोणाला तरी फलाटावर ठेवूनच निघते, म्हणून विरह वाटते.

तेव्हा कथेत वा कवितेत आगगाडी आली, की लगेच 'प्रगती' किंवा 'मृत्यू' असे लिहू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत : गाडी कोण पाहत आहे? आत कोणाला जागा मिळाली आहे? मागे कोण राहिले आहे? ज्या समाजाची माणसे एका भाषेत घरी बोलतात आणि दुसऱ्या भाषेच्या स्थानकावर उतरतात, त्या आपल्या समाजाला तर हे प्रश्न पुस्तकाबाहेरही विचारावे लागतात.