जुनी जीप पुन्हा उभी करणे : आरंभ कोठून करावा?

खडकाळ, रेताड व चिखलाच्या वाटांसाठी बनविलेली एखादी मोटारगाडी जुनी होते, वर्षानुवर्षे एका जागी उभी राहते, आणि एके दिवशी ती पुन्हा चालती करावी असे तिच्या मालकाच्या मनात येते. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, कामास हात कोठे घालावयाचा? पुष्कळ जण या प्रश्नाचे उत्तर हाती पाना घेऊनच देतात. नट-बोल्ट सोडविले जातात, भाग अंगणभर पसरतात, दोन-चार पावसाळे जातात. पैसा संपतो, उत्साह ओसरतो, कोणता भाग कोठला हेही विसरले जाते. जी वस्तू कालपर्यंत निदान गाडी होती, तिचे अखेर भंगार होते. म्हणून आरंभीचा निर्णय हाच या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. तो शास्त्रीय रीतीने कसा घ्यावा, हे चंडीगड येथील जीपगाडीचे उदाहरण घेऊन येथे पाहावयाचे आहे.

शहर आणि गाडी

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगड नगराची कोनशिला १९५२ साली बसविली गेली. ज्या काळात हे नगर उभे राहिले, त्याच काळात जीपगाडी भारतात रुजली. जीपचा जन्म मात्र युद्धातला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी हलकी गाडी मागविली. तिचा पहिला नमुना बँटम या लहानशा कारखान्याने त्याच वर्षी सादर केला, आणि पुढे विलिज व फोर्ड या कारखान्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. मूळचे लुधियानाचे असलेले जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंच्या कंपनीने १९४०–५० या दशकाच्या अखेरीस विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. म्हणजे पंजाबातील माणसांनी मुंबईत जोडलेली गाडी पुन्हा पंजाबच्या शेतवाटांवर धावू लागली. पुढे १९६९ ते १९९९ या काळात जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सान पेट्रोल गाडीच्या धर्तीवर 'जोंगा' ही सैन्यासाठीची गाडी तयार होत असे. सेवेतून काढलेल्या अशा गाड्या लिलावात नागरिकांच्या हाती आल्या. चंडीगडच्या आसपास जुन्या जीप व जोंगा यांचा शौक दिसतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पहिला प्रश्न हेतूचा

गाडी कशासाठी उभी करावयाची, हे ठरल्याखेरीज कोणताही बोल्ट सैल करू नये. या बाबतीत चंडीगड शहरच दोन परस्परविरुद्ध धडे देते.

या नगरातील शासकीय कचेऱ्यांसाठी पिएर जानरे या स्थापत्यकाराच्या नेतृत्वाखाली सागवानी खुर्च्या, मेजे व कपाटे तयार झाली होती. ती जुनी झाल्यावर कित्येक वस्तू मोडीत काढून विकल्या गेल्या. त्याच वस्तूंना परदेशातील लिलावांत प्रचंड किमती येऊ लागल्या, तेव्हा त्यांची योग्यता ध्यानी आली, आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-सामानाच्या विक्रीस प्रतिबंध केला. त्या खुर्चीचे मोल लाकडाच्या वजनात नव्हते. तिच्यावर राहिलेल्या मूळ खुणांत, रंगाने लिहिलेल्या कचेरीच्या क्रमांकात आणि कारागिराच्या हाताच्या ठशात ते होते.

दुसरा धडा नेकचंद यांच्या रॉक गार्डनचा. फुटक्या चिनी मातीचे तुकडे, मोडक्या घरांचे साहित्य व टाकाऊ वस्तू यांतून नेकचंद यांनी एक सर्वस्वी नवी सृष्टी निर्माण केली, व ती १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. तेथे जुन्याचे मूळ रूप राखण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या गाडीचा मालक याच दोन टोकांमध्ये उभा असतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली संमत केलेल्या 'ट्यूरिन सनदे'त या कामाच्या पायऱ्या स्पष्ट केल्या आहेत. आहे ते तसेच टिकविणे म्हणजे जतन. झीज थांबविणे, परंतु वस्तूच्या मूळ द्रव्यास हात न लावणे, म्हणजे संरक्षण. जे गेले ते पुराव्याच्या आधारे पूर्ववत करणे म्हणजे पुनःस्थापन. यांतील प्रत्येक पुढची पायरी मागच्या पायरीपेक्षा अधिक पुरावा नष्ट करते. जतन केलेल्या गाडीचे उद्या पुनःस्थापन करता येईल. पण खरवडून रंगविलेल्या गाडीचा मूळ रंग पुन्हा आणता येणार नाही. ज्या कृतीपासून माघार घेता येत नाही ती शेवटी करावी, हा या विषयातील पहिला नियम होय.

दुसरा प्रश्न कायद्याचा

हेतू ठरविताना कायदाही पाहावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 'विंटेज' वाहनांची वेगळी नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, सांगाड्यावरील कवच किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात मोडतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, विंटेज वाहनांची फेरी, तांत्रिक संशोधन यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे.

१९७२ साली नोंदलेल्या जीपची पन्नास वर्षे २०२२ मध्ये भरली. १९८५ सालच्या गाडीची २०३५ मध्ये भरतील. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक जीपगाड्यांत पुढे दुसऱ्या गाड्यांची डिझेल एंजिने बसविली गेली. अशी गाडी 'मूळ स्वरूपात' आहे असे म्हणणे कठीण. दुसरीकडे, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार केलेल्या वाहनाची नोंदणी करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून नोंदणीपुस्तक, सांगाड्यावरील क्रमांक व एंजिनावरील क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहणे, हे पाना हाती घेण्यापूर्वीचे काम आहे. सांगाड्यावरील ठोकलेला क्रमांक गंजाखाली दडलेला असल्यास तो यंत्राने घासू नये. मऊ ब्रश व तेल वापरून हळूहळू उघडा करावा. एकदा घासून गेलेला क्रमांक म्हणजे गाडीचे हरवलेले नाव होय.

गंजाची परीक्षा

यानंतर गाडीची तपासणी येते. जुन्या गाडीचा खरा शत्रू गंज. लोखंडावर ओलावा साचला की त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात; दुसऱ्या ठिकाणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. यातून अखेर जलयुक्त लोह-ऑक्साइड, म्हणजे तांबूस गंज, निर्माण होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असल्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो वाढू लागला की पत्रे फुगतात व सांधे उकलतात.

येथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जेथे हवा भरपूर तेथे लोखंड अधिक झिजेल असे आपणांस वाटते. परंतु चिखलाखाली दबलेला, ऑक्सिजन कमी पोहोचणारा भाग हाच बहुधा अधिक झिजतो. कारण त्या भागातून इलेक्ट्रॉन निघून उघड्या भागाकडे जातात. चंडीगडपासून समुद्र फार दूर आहे. रत्नागिरीच्या वा मालवणच्या गाडीला खाऱ्या वाऱ्यातील मीठ जसे छळते, तसे येथे होत नाही. मीठ पाण्याची विद्युत्-वाहकता वाढविते व गंजाचा वेग वाढतो. तथापि शिवालिकच्या उतारावरून पावसाळ्यात वाहणारे 'चो' नावाचे ओढे बारीक गाळ आणतात. अशा ओढ्यांतून गेलेल्या गाडीच्या सांगाड्याच्या पोकळीत, कमानपट्ट्यांच्या कड्यांमागे व पावठाणाखाली हा गाळ घट्ट बसतो. वरून चकचकीत दिसणारी गाडी तेथे आतून पोखरलेली असू शकते. म्हणून प्रथम गाळ खरवडून काढावा, आणि मगच डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

सांगाड्याची परीक्षा तीन प्रकारे होते. लहान हातोडीने ठोकत जावे. धड पोलाद खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. शंकास्पद जागी टोकदार सळई दाबून पाहावी. शेवटी गाडी सपाट जमिनीवर भक्कम घोड्यांवर उभी करून सांगाड्याच्या समोरासमोरील बिंदूंपासून जमिनीवर ओळंबे सोडावेत, खुणा कराव्यात व दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. कर्ण समान नसतील तर सांगाडा तिरका झाला आहे असे समजावे. चौकटीची बाजू न मोजता कर्ण का मोजावयाचे, हे शालेय भूमितीतच आहे : चारही बाजू तशाच राहून आयताचा तिरका चौकोन होऊ शकतो, पण तेव्हा कर्ण समान राहत नाहीत. येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाता कामा नये.

एंजिन, दंतचक्रे आणि ब्रेक

बंद पडलेले एंजिन सुरू करून पाहण्याचा मोह सर्वांत मोठा, आणि सर्वांत घातक. वर्षानुवर्षे थांबलेल्या एंजिनात दट्ट्याच्या कड्या सिलिंडरला चिकटलेल्या असतात. स्टार्टरचा झटका बसताच त्या मोडण्याची भीती असते. विलिजच्या सीजे–३बी जीपच्या २,१९९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरी एंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वर व धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खालच्या ठोकळ्यात असतात. त्याही जागीच अडकतात. म्हणून ठिणगी-प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस वाट पाहावी आणि नंतर एंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे.

ते फिरले, तर दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजावा. एखाद्यात दाब कमी आल्यास त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर गळती दट्ट्याच्या कड्यांतून होत होती. न वाढल्यास दोष बहुधा झडपांत किंवा माथ्याच्या गॅस्केटात आहे. एका चमचाभर तेलाने एंजिन उघडावे की नाही याचा अंदाज येतो, हे या परीक्षेचे सौंदर्य होय.

दुर्गम वाटेच्या गाडीत आणखी एक पेटी असते. गिअरपेटीतून आलेली शक्ती ती पुढच्या व मागच्या आसांना वाटून देते, आणि जरूर पडल्यास वेग आणखी कमी करते. सीजे–३बी मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, या पेटीचे मंद प्रमाण २.४६ व आसाचे ५.३८. यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे चाक एकदा फिरण्यास एंजिन ३७ वेळा फिरते. वेग घटतो, पण ओढ त्याच प्रमाणात वाढते. ही पेटी व पुढचा आस हेच या गाडीचे वैशिष्ट्य असल्यामुळे, त्यांतील तेल काढून त्यात पाणी वा धातूचे तुकडे आहेत का, हे आरंभीच पाहावे.

सर्वांत शेवटी एक गोष्ट, जी क्रमाने पहिली असावयास हवी. गाडी चालण्याआधी थांबली पाहिजे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकाच नळीजाळातून दाब मिळतो. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे नळ्या आतून गंजतात, आणि एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम निकामी होतात. म्हणून एंजिन सुरू होवो वा न होवो, पहिला खर्च ब्रेकवर करावा. जुन्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तसेच रिकाम्या पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग करू नये. टाकीत उरलेली वाफ स्फोटक असते.

निर्णय

या सर्व परीक्षा करीत असताना एक वही जवळ असावी. तीत प्रत्येक भागाचे छायाचित्र, क्रमांक, स्थिती व माप यांची नोंद करावी. परीक्षा संपल्यावर निर्णय सहसा आपोआप स्पष्ट होतो. सांगाडा सरळ व भक्कम, क्रमांक जुळणारे आणि एंजिन मूळचे असेल, तर गाडी पूर्ण न खोलता एकेक यंत्रणा क्रमाने सुधारावी : ब्रेक, सुकाणू, इंधन, वीज, एंजिन, आणि अखेर रंग. सांगाडाच खचला असेल तर मात्र पूर्ण उकलण्यावाचून गत्यंतर नाही. पण तेवढे धन, जागा व वेळ हाताशी नसेल, तर गाडी कोरडी, झाकलेली व नोंदलेली ठेवणे हाही एक सन्माननीय निर्णय आहे. थांबलेली गाडी पुढची पिढी उभी करू शकेल. अर्धवट उकललेली गाडी बहुधा कोणीच उभी करू शकत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चिखलाखाली झाकलेला पोलादाचा भाग उघड्या भागापेक्षा अधिक का झिजतो?

२. सांगाड्याच्या बाजू समान असूनही तो तिरका असू शकतो, हे चार काड्या व चार टाचण्या घेऊन दाखवा.

३. तेल घातल्यावर सिलिंडरातील दाब वाढला. यावरून कोणता निष्कर्ष निघतो, आणि का?

४. तुमच्या गावातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिचे जतन, संरक्षण की पुनःस्थापन करावे, हे कारणांसह लिहा.